उशीच्या अभ्र्यातले देव

मधलीच्या घरी आल्यावर आईने सगळं सामान बाहेर काढलं, फक्त देव काढला नाही.

साड्या निघाल्या, औषधांचा डबा निघाला, बाबांचा चष्मासुद्धा निघाला. तो आता कोण लावणार होतं कोण जाणे, पण आईने तो समुद्रापार आणला होता. धाकटीने विमानात हातातून खाली न ठेवलेली कापडी पिशवी मात्र आईच्या मांडीवरच राहिली. तिच्यात बाबांचा पितळी देव होता. तो ज्या घरात मांडला जाईल त्या घरात आई राहणार, हे कुणी बोलून दाखवलं नसलं तरी खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. थोरला, त्याची बायको, मधली आणि धाकटी, चौघंही त्या पिशवीकडे बघत चहा पीत होते.

"मी स्पष्टच बोलतो," थोरला म्हणाला. स्पष्ट बोलतो म्हणाला की तो हमखास आडवळणाने बोलायचा. "आमच्याकडे आईला काही कमी पडणार नाही. पण आम्ही दोघं सकाळी घर सोडतो ते दिवेलागणीला परत. दिवसभर तिने काय भिंतींशी बोलायचं?"

"मग ताई काय घरात बसून असते?" धाकटीने विचारलं. धाकटी इथे पाहुणी होती. चार दिवसांनी ती आपल्या सासरी परतणार होती, त्यामुळे तिला सगळ्यांची कानउघाडणी करायची मोकळीक होती.

"तिची सकाळची पाळी असते. दुपारी ती मोकळी."

"दादा, आईला कोण ठेवतंय ते बोल. वेळापत्रक कशाला सांगतोस?"

वहिनी कपात बघत होती. "मी काही बोलत नाही," ती म्हणाली. "बोलले की सून बोलली असं होतं. पण राहायला घेतलं तर मनापासून घ्यावं, एवढंच."

थोरल्याने तिच्याकडे असं पाहिलं की ती पुढचं गिळून बसली.

"माझ्याकडे राहू दे ना आईला," मधली म्हणाली. इतक्या हळू म्हणाली, की दोनदा म्हणावं लागलं.

बाबा गेले तेव्हा थोरला पोचला होता, धाकटी तर तिथेच होती. मधलीची रजा मंजूर होऊन विमानात बसायला मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं, म्हणून ती गेलीच नाही. फोन कानाला लावून तिने नुसते आवाज ऐकले होते, चपलांचे, खुर्च्या सरकवल्याचे, कुणीतरी कुणालातरी 'सावकाश, दारापाशी वळवा' म्हणाल्याचे. ते 'वळवा' बाबांबद्दल होतं. त्यानंतर तिला एकच गोष्ट हवी होती. आई तिच्याकडे राहावी, आईचं पाणी, आईचं पांघरूण तिच्या हाताने व्हावं. लग्न राहून गेलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या बाईने याहून जास्त काही मागितलंही नव्हतं कुणाकडे.

"देव ठेवायला जागा कुठंय तुझ्याकडे?" आईने विचारलं.

मधली तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली. खिडकीशेजारी एक रुंद फळी होती, सकाळचं ऊन बरोबर तिच्यावर पडायचं. घरातली सगळ्यात चांगली जागा. आणि ती भरलेली होती.

आई वाकून बघत राहिली. तुटकी जपमाळ, रंग उडालेलं नखाएवढं चित्र, लहान मुलाचा दात बांधलेली चिंधी, मधोमध भोक पडलेला खडा, घामाने अक्षरं फुटलेली कागदाची घडी, गाठी मारलेला हिरव्या लोकरीचा तुकडा. अशा पुष्कळ वस्तू, ओळीने, प्रत्येकीखाली कापडाचा चौकोनी तुकडा.

"हे कुणाचे देव?"

"माहीत नाही, आई."

मधली मोठ्या दवाखान्याच्या धोबीखान्यात होती. वॉर्डांतून पिशव्या भरभरून चादरी, अभ्रे, गाऊन यायचे, आणि यंत्रात जाण्याआधी प्रत्येक कापड टेबलावर उलगडून झटकायचं, हे तिचं काम. सुई राहिली तर माणूस जखमी होतो, नाणं राहिलं तर यंत्र. झटकताना अभ्र्यातून या वस्तू पडायच्या. रोगी माणूस उशीखाली काय काय लपवतो याला सुमार नाही. त्या काउंटरवरच्या ट्रेमध्ये महिनाभर राहायच्या आणि मग कचऱ्यात. चष्मे, कवळ्या, अंगठ्या मागायला लोक यायचे. हे मागायला कुणीच यायचं नाही.

"मग मी काउंटरवर विचारून घरी आणायला लागले," ती म्हणाली. "देवाच्या नावाची वस्तू केरात टाकायची नाही, बाबाच म्हणायचे ना."

"वाहत्या पाण्यात सोडायची, असं म्हणायचे. घरात मांडून ठेवायची असं नाही."

हे खरं होतं. बाबा रस्त्यात पडलेलं देवाचं चित्रही उचलून, कपाळाला लावून पुलावरून पाण्यात सोडायचे, तिघा मुलांना बोट धरून घेऊन जायचे. मधली निम्मंच पाळत होती. सोडायला तिचा हात धजायचा नाही, कारण या वस्तूंना मालक होते.

"यातली माणसं मेलेली असतील," आई म्हणाली.

"काही असतील. काही बरी होऊन गेली असतील."

"आणि माझा देव मी यांच्या पंगतीत बसवू?" आई चिडून बोलली नाही. तिला खरंच विचारायचं होतं. "तू पूजा करतेस यांची?"

"नाही. संध्याकाळी पुसते आणि जागेवर ठेवते. इथेच आहे, टाकलेलं नाही, एवढं म्हणते."

"कुणाला म्हणतेस?"

मधलीने खड्याखालचा कापडाचा तुकडा सरळ केला.

"आणि बाबांनी फोनवर विचारलं की, देवाचं करतेस ना, तेव्हा हो म्हणायचीस. ते हेच का?"

"हेच," मधली म्हणाली. तेव्हा तिला ते खोटं वाटायचं. आईसमोर उभं राहून प्रथमच वाटलं, की ते पुरतं खोटंही नव्हतं.

आईने पिशवी छातीशी धरली. "यांचं काहीतरी कर. मग माझा देव कुठे बसवायचा ते बघते."

जेवणानंतर धाकटीने मधलीला गाठलं. "ताई, एवढ्यावर अडलंय का? आई राहते म्हणतेय, समजत नाही का तुला? ते गाठोडं तुला प्रिय की आई?"

"गाठोडं म्हणू नकोस त्याला."

"बरं, नाही म्हणत. पण दादा आईला घेऊन गेला की ती त्याच्या हॉलमधल्या सोफ्यावर बसून राहील. तिथे देवाला टीव्हीखालची जागा मिळेल. हवंय का तुला?"

"उद्या कामावरून आले की मी आईशी बोलते," मधली म्हणाली. "तोवर काही नको."

धाकटीने मान हलवली. मान हलवणं म्हणजे कबूल करणं नव्हे, हे तिच्या बाबतीत घरच्यांनी केव्हाच ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मधली कोपरापर्यंत हातमोजे चढवून टेबलाशी उभी राहिली. मागे यंत्रं घुमत होती, वाफेने भिंती ओल्या झाल्या होत्या. चादर उलगड, झटक, पुढे ढकल. या कामात डोकं मोकळं राहतं, आणि मोकळं डोकं नको तिथे जातं. आपण या देशात आलो कशाला, हा प्रश्न तिला पहिली काही वर्षं रोज पडायचा, मग पडेनासा झाला. दादाने बोलावलं म्हणून आली, काम मिळालं म्हणून राहिली. परत जाण्यासारखं तिथे काही नव्हतं आणि राहण्यासारखं इथेही नव्हतं. स्वतःचा देव तर तिने निघतानाच आईकडे ठेवला होता, कारण एकटीसाठी कशाला मांडायचा, असं तिला वाटायचं. मग एका सकाळी अभ्र्यातून चिंधीत बांधलेला दात पडला. कुण्या आईने आपल्या मुलाचा दात उशाखाली घेऊन दुखणं काढलं असणार. मधलीने तो मुठीत धरला आणि पाळी संपेपर्यंत खाली ठेवला नाही. त्या दिवसापासून तिला घरी परतायला कारण मिळालं. कुणीतरी मागायला येईल तेव्हा वस्तू जागेवर असली पाहिजे, एवढंच तिचं व्रत. त्याला देवधर्म म्हणायचं की वेड, हे तिने ठरवलं नव्हतं. आईपुढे ते मोडीत काढावं लागेल, हेही तिला दिसत होतं. दोन्हीपैकी एक सोडायचं झालं तर आपण आईलाच धरू, असं तिने मनाशी जवळजवळ ठरवलं होतं.

तेवढ्यात काउंटरवरची बाई दारात येऊन म्हणाली, "एक जण आलाय. तुझ्याकडच्यापैकी काहीतरी मागतोय."

उंच, वाकलेला म्हातारा होता. सगळी उमर शहराची बस चालवलेली, आता निवृत्त. दवाखान्याच्या दारातून आत पाऊल टाकायला त्याला इतके महिने लागले, असं तोच म्हणाला.

"हिरवी लोकर," तो म्हणाला. "बोटभर लांब. गाठी मारलेली. तुम्हाला वेडेपणा वाटेल."

"नाही वाटत."

"माझी बायको प्रार्थना करताना एकेक गाठ मारायची. माझा या कशावर विश्वास नाही. मी तिला हसायचो. म्हणायचो, बांध, बांध, होईल एखादा स्वेटर." तो हसायला गेला आणि त्याला जमलं नाही. "शेवटच्या दिवशी ती मला म्हणाली, ते घरी घेऊन जा. मी हो म्हटलं आणि तिची चप्पल घेऊन गेलो. ते विसरलो."

मधलीने हातमोजे काढले. "आहे," ती म्हणाली. "माझ्या घरी आहे. सुखरूप आहे. उद्या आणून देते."

"उद्या नको. आजच येऊ का मी? आणखी एक दिवस लावायची लाज वाटते मला."

तिने पत्ता दिला. मग तिला ना भूक राहिली ना थकवा. बसमध्ये उभ्या उभ्या ती आईशी काय बोलायचं ते जुळवत होती. आई, इतक्या वर्षांत पहिला माणूस मागायला आला. आई, त्याला बघ तू, मग सांग की यांना कुठे ठेवायचं. आईला माणूस दाखवला की पटतं, तिला वस्तूंचं कळत नाही पण माणसांचं कळतं. मधली जिने चढताना हसत होती.

दार आईनेच उघडलं. तिचा चेहरा फुलला होता. बाबा गेल्यापासून असा चेहरा कुणी पाहिला नव्हता. "ये," म्हणाली, "चप्पल काढ आणि आधी आत ये." मधलीचा हात धरून तिने तिला स्वयंपाकघरात नेलं. फळी घासून पुसून लख्ख केली होती, तिच्यावर आईच्या जुन्या साडीचा जरीकाठ अंथरला होता, आणि मधोमध बाबांचा देव बसला होता. एकटा.

"राहते मी तुझ्याकडे," आई म्हणाली. "थोरल्यालाही सांगितलं."

"इथलं कुठे गेलं?"

"ताई, केरात नाही हं टाकलं," धाकटी मागून म्हणाली. "दादा-वहिनीने आज रजा काढली, दादाने गाडीतून पुलापर्यंत नेलं. आईने एकेक वस्तू कपाळाला लावली आणि मग पाण्यात सोडली. अगदी बाबा करायचे तसं. मला तर रडूच आलं."

"गाडी लावायला जागा मिळेना," थोरला म्हणाला. "तरी थांबलो मी. सगळं नीट होईपर्यंत थांबलो." त्याच्या आवाजात कामगिरी फत्ते केल्याचं समाधान होतं, आणि आई आपल्याकडे येणार नाही याचंही.

"मी म्हटलं होतं, विचारून घ्या," वहिनी म्हणाली. "तर म्हणे, तिला आनंदाचा धक्का द्यायचाय."

मधली स्टुलावर बसली. जे सांगायचं जुळवत आणलं होतं, ते तिने सांगितलं. एवढंच की आता ते उलट्या टोकाकडून सांगावं लागलं. ऐकता ऐकता धाकटीचा हात तोंडावर गेला.

"फोन कर त्याला, येऊ नको म्हणावं," थोरला म्हणाला.

"नंबर घेतला नाही मी."

तेवढ्यात बेल वाजली.

बसवाला म्हातारा दाढी करून आला होता. त्याने कोट घातला होता. एवढी माणसं बघून तो दारातच बुजला, मग वहिनीने पुढे केलेल्या खुर्चीच्या कडेवर बसला. सोबत एक रिकामा पत्र्याचा डबा आणला होता, त्यात कापूस घातला होता.

"सांग, शोधतेय म्हणून," थोरला मराठीत पुटपुटला. "सांग, सापडलं की कळवते. दोनदा कळवलं नाही की विसरेल तो."

"तुम्ही गप्प बसा," वहिनी म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत तिने त्याला हे प्रथमच ऐकवलं असावं.

"हाच का तो?" आईने विचारलं. तिला त्याची भाषा येत नव्हती. ती त्याच्या डब्याकडे, त्यातल्या कापसाकडे बघत होती. "हिरवी लोकर ना? ती माझ्या हातात होती. त्याला सांग, मी सोडली पाण्यात. तुझं नाव घेऊ नको, माझं घे."

मधलीने सांगितलं. आपल्याच आईचा गुन्हा परक्या भाषेत सांगायची वेळ तिच्यावर आली. शब्द साधेच होते, रोज वापरायचेच. म्हातारा ऐकून घेत होता. त्याने आईकडे बघून विचारलं, "का?"

मधलीने आईला विचारलं.

"ते देवाचं होतं म्हणून," आई म्हणाली. "देवाचं पाण्यात सोडतात आमच्यात. मी मान ठेवून सोडलं. सांग त्याला, कपाळाला लावून सोडलं."

मधलीने तेही सांगितलं. म्हाताऱ्याने डब्यातला कापूस बोटाने दाबला. मग म्हणाला, "ते देवाचं नव्हतं. ते माझ्या बायकोचं होतं."

"काय म्हणाला?" आईने विचारलं.

मधलीने मान खाली घातली. थोरला खिडकीबाहेर बघू लागला. धाकटीला भाषा येत नव्हती.

"ते देवाचं नव्हतं, त्याच्या बायकोचं होतं, असं म्हणाला," वहिनीने आईला सांगितलं.

आईचा हात नुसताच मांडीवर फिरत राहिला. म्हाताऱ्याने मधलीला विचारलं, "गाठी तशाच होत्या का? सुटल्या नव्हत्या ना?"

"नाही. सगळ्या पक्क्या होत्या."

"तिने काय मागितलं असेल हो? मी कधी विचारलंच नाही तिला." हे त्याने मधलीला विचारलं, जणू इतके महिने तो धागा हिच्याकडे होता म्हणजे हिला ठाऊक असणार. मधलीला काही ठाऊक नव्हतं. तिने तसं सांगितलं. तो उठला, डब्याचं झाकण लावलं, आणि दारात तिच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "तुम्ही ठेवलं होतं. बाकीच्यांनी तेवढंही केलं नसतं." हे बोलणं दिलाशाचं होतं, आणि मधलीला ते सोसलं नाही. तो जिना उतरेपर्यंत ती दाराला टेकून रडली.

मागे थोरल्याचं सुरू झालं होतं. "हे बघ, मुद्दाम कुणी केलं नाही. लोकरीचा तुकडा तो. आणि त्यानेही इतके महिने लावले."

"दादा, पुरे आता," धाकटी रडत म्हणाली. काल त्याच्याशी भांडत होती, सकाळी त्याच्या गाडीत बसली होती, आता परत त्याच्याविरुद्ध होती.

"बाहेर जा सगळे जरा," आई म्हणाली.

ते गेले. आई आणि मधली स्वयंपाकघरात राहिल्या. खिडकीतलं ऊन उतरलं होतं. आईने उठून पाण्याचा पेला भरला आणि मधलीच्या हातात दिला. खरं तर तो मधलीने आईला द्यायला हवा होता.

"तुझे बाबा गेले," आई म्हणाली, "तेव्हा त्यांच्या उशीला मी कुणाला हात लावू दिला नाही. धाकटी धुवायला घेत होती अभ्रा, मी ओरडले तिच्यावर. अजून ठेवलाय तसाच. मला कळायला हवं होतं गं. दुसरं कुणाला नाही तरी मला."

मधली पाणी प्यायली नाही.

"बाकीचं तरी कुणी मागायला आलं तर मी सांगेन त्यांना. तू नको सांगूस. मी शिकेन तेवढी भाषा." आई तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली. "राहू ना मी? तुझ्याजवळ राहायचंय मला. देवासाठी नाही म्हणत. नुसतंच."

हेच ऐकायला मधलीने कितीतरी वर्षं कान लावले होते. बाबांच्या आजारपणात फोन धरून, विमानांच्या वेळा बघत, रजेच्या अर्जावर सही होण्याची वाट बघत तिने याच वाक्याची वाट पाहिली होती. ते आता आलं होतं, बिनशर्त आलं होतं. तिने आईचा हात आपल्या हातात घेतला. हाताला अजून नदीच्या पाण्याचा गारवा असेल असं उगाच वाटलं, पण हात गरम होता, तिच्या लहानपणी होता तसाच.

"आई, तू दादाकडे जा."

आईने तिच्याकडे पाहिलं. "रागावलीस?"

"नाही अजून," मधली म्हणाली. "पण मला रागवायचंय. तू समोर असलीस तर मला नाही जमणार ते."

आई उठली आणि आपल्या साड्यांच्या घड्या घालायला लागली, आणि मधली तिला एकेक साडी उचलून देत राहिली.